कोर्टाचं वॉरंट: आपल्या नावावर निघालंय का ते शोधणं आणि रद्द करून घेणं

कोर्टानं काढलेलं अटक वॉरंट जुनं झालं म्हणून संपत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ७२ मध्ये (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ७०) हे सरळ लिहिलेलं आहे: ज्या कोर्टानं वॉरंट काढलं ते कोर्ट ते रद्द करेपर्यंत, किंवा त्याची बजावणी होईपर्यंत, ते लागू राहतं. "इतकी वर्षं कुणी आलं नाही, म्हणजे मिटलं असेल" असं समजून बसलेली माणसं मग भलत्याच वेळी अडकतात. कुणाला पासपोर्टच्या पोलीस पडताळणीत कळतं. कुणाच्या दारात निवडणुकीच्या तोंडावर पोलीस येतात, कारण निवडणुका जाहीर झाल्या की प्रलंबित अजामीनपात्र वॉरंटांच्या बजावणीला जोर येतो.

वॉरंट ऐकलं की माणूस घाबरून कोर्टापासून आणखी लांब पळतो. खरं तर पोलिसांनी उचलून नेण्याआधी स्वतःच्या पायानं कोर्टात गेलेल्या माणसाचं वॉरंट, विशेषतः पहिल्यांदाच निघालेलं असेल तर, बहुतेक वेळा त्याच दिवशी रद्द होतं. म्हणून हा लेख. महाराष्ट्रातल्या दंडाधिकारी कोर्टांत हे काम कसं चालतं ते कोर्टाची पायरी कधी न चढलेल्या माणसासाठी इथे लिहिलं आहे.

आधी हे समजून घ्या: वॉरंट कशामुळे निघतं

बहुतेक वॉरंटं मोठ्या गुन्ह्यासाठी नसतात, तारखेला गैरहजर राहिल्याबद्दल असतात. चेक न वटल्याची केस, अपघाताची केस, भावकीतली मारामारी, सासरच्या सगळ्यांची नावं घातलेली कौटुंबिक छळाची तक्रार, अशा केसेसमध्ये हे रोज घडतं. क्रम साधारण असा. पहिल्यांदा समन्स. समन्स मिळूनही आला नाही तर जामीनपात्र वॉरंट. तरीही नाही तर अजामीनपात्र वॉरंट. त्यानंतर फरारी असल्याची उद्घोषणा आणि मालमत्तेची जप्ती. २००७ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अजामीनपात्र वॉरंट ऊठसूट काढायचं नाही, आधीचे मार्ग वापरून पाहायचे. पण एकदा जामीन घेऊन बाहेर आलेला आरोपी तारखा चुकवू लागला, तर कोर्ट बऱ्याचदा थेट अजामीनपात्र वॉरंट काढतं, कारण हजर राहण्याचं त्यानं लेखी कबूल केलेलं असतं.

समन्स मिळालंच नव्हतं, ही तक्रार फार ऐकू येते आणि पुष्कळदा ती खरी असते. भाड्याचं घर बदललेलं असतं, गावाकडचा पत्ता दिलेला असतो. शिवाय माणूस घरी नसेल तर कुटुंबातल्या सज्ञान व्यक्तीकडे समन्स देता येतं. जुन्या कायद्यात ती व्यक्ती पुरुषच हवी होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ती अट गेली. आता आईनं, बायकोनं किंवा बहिणीनं सही करून कागद घेतला तरी बजावणी झाली असं धरता येतं. तेव्हा घरी आधी विचारा, कोर्टाचा एखादा कागद कुणी घेऊन कपाटात ठेवलाय का.

दोन वॉरंटांमधला फरक पक्का लक्षात ठेवा. जामीनपात्र वॉरंटावर कोर्टानंच लिहिलेलं असतं की अमुक रकमेचा बॉण्ड (हजर राहण्याचं लेखी हमीपत्र) आणि इतके जामीनदार दिले तर सोडा, त्यामुळे पोलीस ठाण्यातच सही करून तारखेला हजर राहण्याची हमी देता येते. अजामीनपात्र वॉरंटात पोलिसांना तो अधिकार नसतो, ते तुम्हाला कोर्टासमोर उभं करणार. पण वॉरंट अजामीनपात्र म्हणजे गुन्हाही अजामीनपात्र, असं मुळीच नाही. चेक न वटल्याचा गुन्हा जामीनपात्र आहे, तरी तारखा चुकवल्या तर त्यात अजामीनपात्र वॉरंट निघतं. या एका गैरसमजापायी कितीतरी लोक वर्षानुवर्षं लपून राहतात. त्यांना वाटतं, आता जामीन मिळणारच नाही.

पहिली पायरी: शोध

घरबसल्या शोध घेता येतो आणि तो फुकट आहे. ई-कोर्ट्स सर्व्हिसेस या सरकारी संकेतस्थळावर किंवा त्याच नावाच्या मोबाईल ॲपमध्ये राज्य, जिल्हा आणि कोर्ट संकुल निवडा. मग खटल्याची स्थिती पाहण्याचे निरनिराळे रस्ते दिसतात.

सीएनआर क्रमांक हाती असेल तर काम झालंच. हा सोळा अक्षरांचा क्रमांक प्रत्येक खटल्याला वेगळा असतो, महाराष्ट्रातला एमएच या अक्षरांनी सुरू होतो आणि त्यावर एकदम तुमचीच केस उघडते. तो नसेल तर पोलीस ठाणं, गुन्हा रजिस्टर क्रमांक आणि वर्ष टाकून पाहा. तेही नसेल तर नावानं शोधा. नावानं शोधताना वर्ष द्यावं लागतं, म्हणून अंदाजाची दोन-चार वर्षं मागेपुढे करून बघा. नावाचं इंग्रजी स्पेलिंग हा सगळ्यात मोठा अडथळा असतो. विठ्ठल, ज्ञानेश्वर, कृष्णा ही नावं कारकुनानं कशी टाइप केली असतील ते सांगता येत नाही. आडनाव आधी, नाव आधी, नुसतं आडनाव, वडिलांच्या नावासकट, असं सगळं करून पाहा. प्रलंबित आणि निकाली या दोन्ही याद्या तपासा.

फक्त आपल्या जिल्ह्यात शोधून थांबू नका. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, चेक ज्याच्या खात्यात वटवायला टाकला त्याच्या बँकेची शाखा जिथे असेल तिथल्या कोर्टात चेकची केस दाखल होते. सांगलीच्या माणसानं मुंबईच्या फायनान्स कंपनीला दिलेला चेक परत गेला तर केस मुंबईत, किंवा कंपनीचं खातं असेल त्या दुसऱ्याच राज्यात उभी राहू शकते. कर्ज घेतलं असेल, दुकानाच्या मालाचे चेक दिले असतील, तर समोरच्याचं बँक खातं कुठे आहे ते आठवा आणि तिथलं कोर्ट शोधा.

केस उघडली की तिचा मागचा प्रवास वाचा. प्रत्येक तारखेपुढे सुनावणीचा उद्देश लिहिलेला असतो. तिथे 'समन्स' असेल तर अजून वॉरंट नाही. 'बी.डब्ल्यू.' म्हणजे जामीनपात्र, 'एन.बी.डब्ल्यू.' म्हणजे अजामीनपात्र. पुढे 'अनरेडी' असेल तर केस अजून सुनावणीसाठी तयार झालेली नाही असं समजा. तारखेवर टिचकी मारली की त्या दिवशी काय झालं ते थोडक्यात दिसतं. ही सगळी माहिती लिहून घ्या: केस क्रमांक, त्याआधीची अक्षरं (पोलीस केसला बहुधा आर.सी.सी., लहान आणि चेकच्या केसेसना एस.सी.सी.), कोर्टाचा क्रमांक, पुढची तारीख.

पुढची तारीखच दिसत नसेल तर केस 'डॉर्मंट फाइल'वर गेलेली असू शकते. आरोपी बरीच वर्षं सापडला नाही की कोर्ट केस रोजच्या बोर्डावरून, म्हणजे दिवसाच्या कामाच्या यादीतून, काढून अशा बाजूच्या फायलीत ठेवतं. केस मिटत नाही आणि वॉरंटही तसंच राहतं. आरोपी सापडला की केस पुन्हा बोर्डावर येते.

संकेतस्थळावर काहीच सापडलं नाही तरी निश्चिंत होऊ नका. जुन्या केसेसची नोंद अपुरी असते, नावं चुकलेली असतात. मग कोर्टात प्रत्यक्ष जावं लागतं. हे काम वकिलाकडे द्या. वकील कोर्टाच्या रजिस्टरमध्ये पाहू शकतो, बेंच क्लार्ककडून (कोर्टातल्या कारकुनाकडून) रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद, तपासू शकतो. पोलीस ठाण्यातही वॉरंटांची नोंदवही असते. मात्र अजामीनपात्र वॉरंट असण्याची शंका असताना एकट्यानं ठाण्यात जाऊन "माझं नाव आहे का बघा" असं विचारू नये. नाव असेल तर तुम्हाला तिथेच थांबवून ठेवणं हे त्यांचं कर्तव्यच आहे. जे काम स्वतः कोर्टात जाऊन सन्मानानं होतं ते अटकेनं करून घेण्यात अर्थ नाही.

बनावट वॉरंट

व्हॉट्सॲपवर शिक्का मारलेलं वॉरंट येतं, मग व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस सांगतो की तुम्ही 'डिजिटल अरेस्ट'मध्ये आहात, कॅमेऱ्यासमोरून हलू नका आणि या खात्यात पैसे भरा. डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकार भारतीय कायद्यात नाही. कोर्ट समन्स इलेक्ट्रॉनिक मार्गानं पाठवू शकतं, ही गोष्ट खरी आहे, त्यामुळे फोनवर आलेला प्रत्येक कागद खोटाच असं म्हणून उडवूनही लावू नका. त्यावरचा केस क्रमांक ई-कोर्ट्सवर टाकून तपासा. पण वॉरंट रद्द करायचे पैसे फोनवर कुणीही मागितले तर तो भामटा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

दुसरी पायरी: वकील आणि कागद

स्वतःची बाजू स्वतः मांडायला कायद्याची आडकाठी नाही. तरीही अजामीनपात्र वॉरंटाला वकील घेऊन जा, असं मी आग्रहानं सांगेन. साहेबांनी, म्हणजे दंडाधिकाऱ्यांनी, विचारलेल्या एका प्रश्नाला घाबरून दिलेलं उत्तर महागात पडू शकतं. त्याच कोर्टात रोज उभा राहणारा वकील शोधा. फी आधी ठरवा, आणि ती फक्त वॉरंट रद्द करण्याची की पुढच्या तारखांसकट, ते विचारा. आधीचा वकील असेल तर त्याची ना हरकत घ्या. कोर्टाच्या फाटकाशी "साहेबांना सांगून करून देतो" म्हणणारे एजंट भेटतात, त्यांच्या हातात एक रुपयासुद्धा देऊ नका.

वकील परवडत नसेल तर लाज वाटू देऊ नका. जिल्ह्याच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. १५१०० या क्रमांकावर माहिती मिळते.

बरोबर न्यायचे कागद:

- आधार, रेशनकार्ड, सध्याच्या पत्त्याचा पुरावा, दोन-तीन फोटो;
- गैरहजेरीचं कारण दाखवणारा कागद: दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, बदलीचा हुकूम, घर सोडल्याचा भाडेकरार, घरातल्या मृत्यूचा दाखला;
- जामीनदार, त्याच्या मूळ कागदांसकट: सातबारा व आठ-अ, किंवा घरपट्टीची पावती, किंवा पगारपत्रक आणि ओळखपत्र;
- थोडी रोख रक्कम.

जामीनदार नेणं लोक टाळतात, "नुसतं वॉरंटच तर रद्द करायचंय" म्हणून. पण वॉरंट काढताना कोर्टानं जुना बॉण्ड जप्त केला असेल तर साहेब नवा जामीन मागतात. त्या वेळी जामीनदार हजर नसला तर संध्याकाळपर्यंत धावाधाव होते, आणि वेळेत कुणी मिळालं नाही तर रात्र कोठडीत जाऊ शकते. जामीनदार नसेल तर काही काळासाठी रोख रक्कम भरून सुटण्याची परवानगी मागता येते. ती द्यायची की नाही हे कोर्ट ठरवतं.

कारण खरंच सांगा. खोटं वैद्यकीय प्रमाणपत्र जोडू नका. साध्या भाषेत "घर बदललं, तारीख कळली नाही" एवढं म्हटलेलं पुष्कळदा पुरतं. बनावट कागद पकडला गेला तर तो वेगळाच गुन्हा होतो.

तिसरी पायरी: अर्ज

अर्ज वकील लिहितो, पण त्यात काय असतं ते तुम्हाला माहीत हवं. साधारण नमुना असा:

*मे. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी साहेब, ……… यांचे कोर्टात*
*फौजदारी खटला क्र. ……/……*
*सरकारतर्फे ……… वि. ………*
*आरोपीतर्फे वॉरंट रद्द होणेकामी अर्ज*

*१. अर्जदार हा वरील कामी आरोपी असून यापूर्वी जामिनावर मुक्त आहे.*
*२. दि. ……… रोजी अर्जदार ……… या कारणामुळे कोर्टात हजर राहू शकला नाही. सदरची गैरहजेरी हेतुपुरस्सर नव्हती.*
*३. त्या दिवशी मे. कोर्टाने अर्जदाराविरुद्ध अजामीनपात्र वॉरंट काढण्याचा हुकूम केला आहे.*
*४. अर्जदार आज रोजी स्वतः कोर्टात हजर आहे व यापुढे नेमल्या तारखांना हजर राहील.*
*५. सबब विनंती की, अर्जदाराविरुद्धचे वॉरंट रद्द करण्यात यावे.*

चौथं कलम सगळ्यात महत्त्वाचं. आरोपी प्रत्यक्ष समोर उभा असला की अर्जाला वजन येतं. वकिलाला पाठवून स्वतः बाहेर चहाच्या टपरीवर थांबायचं, ही युक्ती सहसा फसते. "आरोपी कुठे आहे?" हा साहेबांचा पहिला प्रश्न असतो.

तारखेची वाट बघू नका. पुढची तारीख दोन महिन्यांनी असेल तर तेवढे दिवस पोलीस केव्हाही येऊ शकतात. वॉरंट रद्द करण्याच्या अर्जाबरोबरच केस आजच बोर्डावर घेण्याचा दुसरा अर्ज द्यायचा. डॉर्मंट फाइलवरची केसही अशीच वर काढावी लागते. तेव्हा फाइल रेकॉर्डमधून शोधायला वेळ लागतो, म्हणून वकिलानं एक-दोन दिवस आधी कोर्टाच्या कर्मचाऱ्यांना केस क्रमांक देऊन ठेवलेला बरा.

चौथी पायरी: कोर्टातला तो दिवस

आठवड्याचा सुरुवातीचा दिवस निवडा. शुक्रवारी किंवा मोठ्या सुट्टीच्या आदल्या दिवशी जाऊ नका. काही अडलं तर पुढचे दिवस कोर्ट बंद. सकाळी कामकाज सुरू होण्याआधी पोचा, मोबाईल बंद करा, मागच्या बाकावर बसा. साहेब रजेवर असतील तर तातडीचे अर्ज प्रभारी कोर्टापुढे जातात, ते कोणतं ते बाहेरच्या फलकावर किंवा पट्टेवाल्याकडून कळतं.

अर्ज दिल्यावर पोलीस केसमध्ये सहायक सरकारी वकिलाचं म्हणणं घेतलं जातं. खाजगी तक्रारीत, म्हणजे चेकच्या केसमध्ये वगैरे, फिर्यादीच्या वकिलाचं म्हणणं मागवतात. "आरोपी जाणूनबुजून गैरहजर राहतो, अर्ज नामंजूर करावा" असं त्यात लिहिलं तर दचकू नका, बहुतेक म्हणण्यांत ते असतंच. मग नावाचा पुकारा होतो. तुम्ही पुढे जायचं, नाव विचारलं तर सांगायचं, का आला नाहीत हे विचारलं तर एका वाक्यात कारण सांगायचं. वाद घालायचा नाही. केस खोटी आहे, फिर्यादी कसा बदमाश आहे, हे त्या दिवशीचं काम नाही.

पुढे काय होऊ शकतं? पहिलंच वॉरंट असेल, कारण पटण्यासारखं असेल, तर बहुधा समज देऊन किंवा काही रक्कम भरायला लावून वॉरंट रद्द होतं. ही रक्कम विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा फिर्यादीला द्यायला सांगतात. किती, ते कोर्टाच्या मर्जीवर आणि तुमच्या गैरहजेरीच्या इतिहासावर अवलंबून असतं. भरल्याची पावती घ्याच. काही वेळा नवा जातमुचलका (तुमच्या स्वतःच्या सहीचं हमीपत्र) आणि जामीनदार मागतात. आणि दुसऱ्या-तिसऱ्यांदा वॉरंट निघालं असेल, किंवा साक्षी तुमच्यामुळे खोळंबल्या असतील, तर कोर्ट तुम्हाला ताब्यात घेऊन नव्यानं जामीन अर्ज करायला लावू शकतं. हा धोका आहे. तसं झालं तर जामिनाचा अर्ज तयार असावा, म्हणून वकिलाला आदल्या दिवशीच तो लिहून ठेवायला सांगा. जामिनावर सुटूनही सबळ कारणाशिवाय हजर न राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २६९ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत शिक्षेचा.

पाचवी पायरी, जी बहुतेक जण विसरतात

वॉरंट रद्द झालं म्हणून आनंदानं घरी जाऊ नका. कोर्टाच्या फायलीत रद्द झालेलं वॉरंट पोलीस ठाण्याच्या कपाटात तसंच पडलेलं असतं. मुंबईतल्या एका वकिलाच्या बाबतीत हेच झालं. त्यांचं वॉरंट १२ ऑगस्ट २००२ ला रद्द झालं होतं, तरी १५ ऑगस्टला पोलिसांनी त्यांना अटक केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०११ च्या निकालात न्यायालयानं नियम घालून दिले: वॉरंट रद्द केल्याचा आदेश फायलीत आणि रजिस्टरमध्ये नोंदवायचा, संबंधित पोलिसांना पाठवून वॉरंट बजावणी न करता परत मागवायचं, आणि आदेशाची प्रत आरोपीलाही द्यायची.

म्हणून त्याच दिवशी प्रत मागा. प्रमाणित नकलेसाठी नकला विभागात अर्ज करा, आणि ती मिळेपर्यंत वकिलाकडून आदेशाची साधी प्रत किंवा फोटो घ्या. एक प्रत पोलीस ठाण्यात जाऊन द्या आणि दुसरीवर पोच घ्या, शिक्का व तारखेसकट. पोच असलेली प्रत काही महिने जवळ बाळगा. ई-कोर्ट्सवरही त्या तारखेची नोंद बदलली का ते पाहा.

पोलीस आधी आले तर

वॉरंट पाहायला मागा. त्यावर कोर्टाचा शिक्का आणि सही असते, कोणती केस ते कळतं. मागितल्यावर वॉरंट दाखवणं पोलिसांना बंधनकारक आहे. अटकेची माहिती नातेवाइकाला कळवणं आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत कोर्टापुढे नेणं हेही. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी, अपवादात्मक स्थितीत दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी असल्याशिवाय, अटक करता येत नाही. दुसऱ्या जिल्ह्यातल्या कोर्टाचं वॉरंट असेल आणि ते कोर्ट ३० किलोमीटरच्या पलीकडे असेल, तर पोलिसांनी आधी अटक झाली त्या भागातल्या दंडाधिकाऱ्यापुढे, किंवा पोलीस अधीक्षक वा आयुक्तापुढे, उभं करायचं असतं. तिथेही वकील घेऊन जामिनाची मागणी करता येते.

एक गोष्ट फार कळकळीनं सांगायची आहे. पैसे देऊन "आरोपी मिळून आला नाही" असा शेरा मारून घेण्याचा मार्ग तुम्हाला कुणीतरी सुचवेल. ती लाच आहेच, पण त्यातून नुकसानही तुमचंच होतं. तसे शेरे जमले की कोर्टाला वाटतं आरोपी लपतोय, आणि पुढची पायरी उद्घोषणेची येते. उद्घोषणेत हजर होण्यासाठी किमान ३० दिवस देतात. तरीही न आल्यास मालमत्ता जप्त होऊ शकते आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम २०९ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा नवा गुन्हा लागतो. गंभीर गुन्ह्यांत फरारी घोषित झाल्यास सात वर्षांपर्यंत. मूळ केस कदाचित दंडावर मिटली असती.

थोडी वेगळी प्रकरणं

पोटगी थकल्याबद्दलचं वॉरंट नुसतं हजर राहून रद्द होत नाही. तिथे कोर्टाला थकबाकी हवी असते. पूर्ण जमत नसेल तर काही रक्कम घेऊन जा आणि बाकीसाठी हप्ते मागा.

साक्षीदारावरही वॉरंट निघतं. तिथे तुम्ही आरोपी नाही. हजर राहा, साक्ष द्या, झालं. चेकची केस असेल तर तडजोडीचा रस्ता कायम उघडा असतो आणि राष्ट्रीय लोकअदालतीत अशा केसेस मोठ्या संख्येनं मिटतात. फक्त आधी वॉरंट रद्द करून घ्या, मग बोलणी करा, म्हणजे मानेवर टांगती तलवार नसते. वाहतुकीचं थकलेलं ई-चलन म्हणजे वॉरंट नव्हे, पण त्याच्या समन्सकडे दुर्लक्ष करू नका.

परदेशात असाल तर विषय जास्त नाजूक आहे. पासपोर्ट कायदा, १९६७ प्रमाणे कोर्टाचं वॉरंट प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता किंवा जप्त करता येतो, त्यामुळे नूतनीकरणाच्या वेळी काम अडतं. भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेलं वकीलपत्र पाठवून वकिलामार्फत अर्ज करता येतो, व्हिसाचे आणि प्रवासाचे कागद जोडून येण्याची निश्चित तारीख कोर्टाला सांगता येते. काही कोर्टं त्या तारखेपर्यंत वॉरंट स्थगित ठेवतात, काही ठेवत नाहीत. विमानाचं तिकीट काढण्याआधी हा अर्ज करा. विमानतळावर अडवलं जाण्याचा प्रसंग त्यामुळे टळू शकतो.

पुन्हा वॉरंट निघू नये म्हणून

ज्या तारखेला खरंच जमणार नाही, त्या तारखेला वकिलानं हजेरी माफीचा अर्ज द्यायला हवा, कारण आणि पुरावा जोडून. हा अर्ज तारखेच्या दिवशीच, पुकारा होण्याआधी पोचावा लागतो. दुसऱ्या दिवशी दिलेला उपयोगाचा नाही. लांब राहत असाल, वय झालं असेल, तान्हं मूल असेल, तर नेहमीसाठीच हजेरीतून सूट मागण्याची सोय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२८ मध्ये आहे. चेकच्या केसेसमध्ये ती मागून पाहावीच. पत्ता किंवा मोबाईल बदलला की कोर्टात लेखी कळवा. ई-कोर्ट्स ॲपमध्ये आपली केस जतन करून ठेवली की पुढची तारीख वकिलाला न विचारताही दिसते.

आणि जामीनदाराला फोन करा. तुमच्या गैरहजेरीमुळे त्याला बॉण्डची रक्कम का वसूल करू नये अशी नोटीस गेलेली असू शकते. वॉरंट रद्द झालं तरी ती नोटीस आपोआप मिटत नाही. त्यानं वेगळं उत्तर द्यावं लागतं, आणि तुमचा रद्दचा आदेश त्या उत्तरासोबत जोडायचा असतो.